सोमवार ते शुक्रवार : अमेरिकेतील निवासी वैद्यकांची जुळणी
(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



'परदेशातील वैद्यकीय शिक्षण' हा विषय चालकांनी मला सुचविला, तेव्हा प्रथम मी नकारच दिला होता. मी वैद्य नव्हे. चौतीस वर्षे मी शाळेत गणित शिकविले, आणि पोटदुखीवर ओवा यापलीकडे माझे वैद्यकज्ञान कधी गेले नाही. परंतु माझ्या थोरल्या बंधूंची कन्या अमेरिकेत निवासी वैद्यकाची जागा मिळावी म्हणून दोन वर्षे धडपडली, ती धडपड आमच्या घराने फार जवळून पाहिली, आणि तिच्या निमित्ताने ज्या यंत्रणेशी माझी ओळख झाली ती मुळात गणिताचीच यंत्रणा निघाली. एवढाच माझा अधिकार. बेळगावात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. आजच्या श्रोत्यांतही काही विद्यार्थी आणि त्यांच्याहून अधिक चिंताक्रांत चेहऱ्याचे पालक मला दिसत आहेत. मुख्यतः त्यांच्याशीच मला बोलावयाचे आहे.

अमेरिकेत वैद्यकाची पदवी हाती आली म्हणजे शिक्षण संपले असे नाही. पुढे एखाद्या रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून काम करावे लागते. बालरोग किंवा सर्वसाधारण वैद्यक असेल तर तीन वर्षे, मेंदूची शस्त्रक्रिया असेल तर सात वर्षे. त्यावाचून त्या शाखेचा तज्ज्ञ म्हणून मान्यता नाही. ही जागा मिळविण्याची रीत आपल्या ओळखीच्या कोणत्याही रीतीसारखी नाही. आपल्याकडे परीक्षा होते, गुणानुक्रम लागतो, वरच्या क्रमांकाचा विद्यार्थी आधी जागा उचलतो आणि उरलेल्यांतून खालचे निवडतात. तेथे उमेदवार शरद ऋतूत अर्ज पाठवितो, ज्या रुग्णालयांना तो बरा वाटतो ती त्याला मुलाखतीस बोलावितात, आणि मुलाखती आटोपल्यावर दोन्ही पक्ष आपापली पसंतीची यादी गुप्तपणे एका मध्यवर्ती संस्थेकडे देतात. उमेदवार लिहितो, माझी पहिली पसंती अमुक, दुसरी तमुक. रुग्णालयही तसेच उमेदवारांविषयी लिहिते. मग संगणक दोन्ही याद्या जुळवितो. त्या देशात या प्रकाराला सरळ 'मॅच' म्हणतात. मार्चमधील एका सोमवारी उमेदवाराला एवढेच कळते की तो कोठे तरी जुळला की नाही. कोठे जुळला हे शुक्रवारी कळते. आणि जे कळेल ते दोघांवरही बंधनकारक असते. नंतर 'स्थळ पसंत नाही' म्हणण्याची सोय नाही.

हे चार दिवस मधे का ठेवले असतील, असा प्रश्न माझ्या वहिनींनी विचारला होता. त्याचे उत्तर पुढे येईल.

ही पद्धत कोणा विद्वानाने खोलीत बसून रचलेली नाही. ती एका अनागोंदीतून निघाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत प्रशिक्षणार्थी डॉक्टरांच्या जागा पुष्कळ आणि विद्यार्थी थोडे, अशी स्थिती होती. चांगला विद्यार्थी दुसऱ्याने उचलण्यापूर्वी आपण उचलावा, म्हणून रुग्णालये दरवर्षी आदल्या वर्षापेक्षा आधी निवड करू लागली. १९४४ च्या सुमारास स्थिती अशी झाली की पदवी मिळण्यास दोन वर्षे अवकाश असलेल्या मुलालाही 'आमच्याकडे येतोस काय' म्हणून विचारणा होत असे. त्याची गुणवत्ता ठरायचीच होती, आवड कशात आहे हे त्यालाही ठाऊक नव्हते; पण पाळण्यात असताना लग्न ठरवावे तसा हा प्रकार चालला. त्यावर १९४५ साली महाविद्यालयांनी तोड काढली. ठरावीक तारखेपूर्वी विद्यार्थ्यांची गुणपत्रके आणि शिफारसपत्रे बाहेर द्यावयाचीच नाहीत, असे त्यांनी ठरविले. तारखेचा प्रश्न सुटला आणि घड्याळाचा सुरू झाला. पहिल्या पसंतीच्या रुग्णालयाकडून उत्तर येईपर्यंत विद्यार्थी दुसऱ्या पसंतीच्या रुग्णालयाला ताटकळत ठेवू लागले. उलट रुग्णालये 'आत्ताच्या आत्ता होय किंवा नाही सांगा' म्हणून तारा करू लागली. १९४५ साली उत्तरासाठी दहा दिवसांची मुदत होती. १९४९ पर्यंत पाळी अशी आली की बारा तासांची मुदतही रुग्णालयांच्या संघटनेला फार लांब वाटली! तार हातात घेऊन उभ्या असलेल्या मुलाला आपली पहिली पसंती सोडावी की दुसरी घालवावी, याचा निर्णय तेथल्या तेथे करावा लागे.

शेवटी दोन्ही पक्ष थकले आणि मध्यवर्ती जुळणीची कल्पना पुढे आली. १९५१ साली जी पहिली पद्धत सुचविण्यात आली, तीत मात्र एक खोट होती. एखाद्या मुलाने मोठ्या आशेने दुर्लभ रुग्णालय पहिल्या क्रमांकावर लिहिले आणि ते त्याला मिळाले नाही, तर दुसऱ्या क्रमांकाची जागाही दुसऱ्या कोणाला जाण्याचा धोका होता. खरे लिहिणाऱ्याला शिक्षा आणि हिशेबाने लिहिणाऱ्याला बक्षीस. ही खोट प्राध्यापकांनी नव्हे, विद्यार्थ्यांनी शोधली. बोस्टनच्या विद्यार्थ्यांनी आवाज उठविला, देशभर पत्रे गेली, आणि पहिली खरी जुळणी १९५२ साली झाली तेव्हा पद्धत सुधारलेली होती. विशी-पंचविशीतील मुलांनी वडीलधाऱ्यांच्या गणितातील चूक दाखवावी आणि वडीलधाऱ्यांनी ती मान्य करावी, हे मला त्या सगळ्या इतिहासात विशेष वाटते. आमच्या शाळेत तसे क्वचितच घडले. बहुधा चूक माझीच असे आणि मी ती मान्य करीत नसे.

गणितज्ञ यात पुढे आले. १९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोघांनी महाविद्यालयातील प्रवेश आणि विवाहाची स्थिरता यांवर एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. डॉक्टरांच्या जुळणीचा त्यात उल्लेखही नाही. १९८४ साली ऑल्व्हिन रॉथ यांनी दाखवून दिले की, त्या दोघांनी कागदावर सिद्ध केलेली रीत आणि रुग्णालयांनी दहा वर्षे आधी ठेचा खात शोधलेली रीत मुळात एकच आहे. रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गेल तेव्हा हयात नव्हते. २००८ साली ते वारले.

ही रीत समजण्यास अवघड नाही. समोर फळा आहे आणि सवय जात नाही, म्हणून लिहूनच दाखवितो. विद्यार्थी तीन: क, ख आणि ग. रुग्णालये दोन, एक बोस्टनचे व एक शिकागोचे, आणि प्रत्येकी जागा एकच. ग ला फक्त शिकागो हवे आहे. क आणि ख दोघांचीही पहिली पसंती बोस्टन, दुसरी शिकागो. प्रथम ग चे नाव शिकागोकडे जाते. ते त्याला ठेवून घेते, पण हंगामी. क चे नाव बोस्टनकडे जाते. तेही हंगामी राहते. आता ख चे नाव बोस्टनकडे गेले. बोस्टनच्या यादीत ख हा क च्या वर आहे, म्हणून क बाहेर पडतो आणि आपल्या दुसऱ्या पसंतीकडे, शिकागोकडे, जातो. शिकागोला ग पेक्षा क अधिक पसंत आहे, म्हणून ग बाहेर पडतो. ग च्या यादीत पुढे नाव नाही. तो रिकाम्या हाताने उरतो. सगळी नावे फिरून झाल्यावरच हंगामी जागा कायम होतात. आता नीट पाहा. क ने पहिल्या क्रमांकावर बोस्टन लिहिले आणि ते त्याला मिळाले नाही; म्हणून शिकागोत त्याचे काही बिघडले काय? काहीच नाही. तो शिकागोला उशिरा पोहोचला, तरी तेथे आधी बसलेल्या ग ला उठवून त्याला जागा मिळाली. आधी येण्याला येथे किंमत नाही. दोन्ही पक्षांच्या याद्यांत ज्यांची परस्पर पसंती अधिक आहे, पण जे वेगळे पडले, अशी एकही जोडी या रीतीत उरत नाही. स्थिर म्हणतात ते यालाच.

पूर्वी नावे फिरविताना प्रथम हात पुढे करण्याचा मान रुग्णालयांकडे होता. त्यात रुग्णालयांचा थोडा फायदा होतो हे सिद्ध झाल्यावर विद्यार्थ्यांनी पुन्हा गलका केला, रॉथ व त्यांचे सहकारी पेरन्सन यांनी पद्धत नव्याने बांधली, आणि १९९८ पासून उमेदवाराची पसंती आधी घेतली जाते. त्या दोघांनी मागील वर्षांच्या याद्या तपासल्या, तेव्हा या बदलाने हजारांत सुमारे एकाच उमेदवाराची जागा बदलली असती असे आढळले. एवढ्यासाठी एवढा गलबला कशाला, असे कोणी म्हणेल. पण तो एक उमेदवार आपल्या घरचा असेल तर?

मी मुद्दाम 'आपल्या घरचा' म्हटले.

माझ्या पुतणीने अमेरिकेच्या परवाना परीक्षा चांगल्या गुणांनी पार केल्या आणि २०१८ च्या शरदात शंभरावर अर्ज पाठविले. अर्जागणिक शुल्क, शिवाय परीक्षांचा खर्च निराळा. बंधूंनी मागील अंगणाची जागा गहाण टाकली होती. सात रुग्णालयांनी मुलाखतीस बोलाविले. त्या काळी मुलाखती समक्ष होत. २०२० च्या साथीनंतर त्या बहुतांशी दूरदृश्य पद्धतीने होऊ लागल्या, तेवढा तरी खर्च वाचला. ती डिसेंबरच्या कडाक्यात रात्रीच्या बसने गावोगाव फिरली, एकाच कोटात सात मुलाखती दिल्या. जानेवारीत त्यांपैकी एका मोठ्या शहरातील रुग्णालयाकडून तिला पत्र आले: आपली भेट झाल्याने आनंद झाला, आमच्या यादीत आपले स्थान फार वरचे राहील. घरात पेढे वाटण्याचेच काय ते बाकी राहिले.

माझी चूक येथेच आहे, आणि ती मी सार्वजनिकपणे सांगतो. मुलीने मला विचारले, "काका, सातही नावे लिहू का?" मी म्हणालो, जिथे जावयाचे नाही ती गावे कशाला लिहितेस? बर्फात बुडालेली, नकाशात भिंग घेऊन शोधावी लागणारी गावे होती ती. तिने तीन नावे लिहिली. मी गणिताचा शिक्षक! आत्ता फळ्यावर जे दाखविले ते मला तेव्हा ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नाही एवढेही ठाऊक नव्हते. खाली आणखी चार नावे लिहिल्याने वरच्या तीन नावांची शक्यता केसभरही कमी होत नाही. खालचे नाव उघडले जाते ते वरची सर्व दारे बंद झाल्यावरच. छोट्या गावाचे नाव यादीतून गाळणे याचा अर्थ एकच: 'तेथे जाण्यापेक्षा कोठेच न गेलेले बरे.' हा ज्याचा खरोखर विचार असेल त्याने खुशाल गाळावे. तिचा तसा विचार नव्हता. माझा होता.

११ मार्च २०१९, सोमवार, आपल्याकडील रात्री साडेआठची वेळ. संदेश दोन ओळींचा होता. ती जुळली नव्हती.

वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. सोमवार ते शुक्रवार हे दिवस न जुळलेल्यांसाठी असतात. कोणत्या रुग्णालयांच्या जागा रिकाम्या राहिल्या त्याची यादी सोमवारीच त्यांना मिळते, त्यांनी ताबडतोब अर्ज करावयाचे, आणि मग फेऱ्या-फेऱ्यांनी जागा देऊ केल्या जातात. होकार काही तासांच्या आत कळवावयाचा असतो. २०१२ पूर्वी हेच काम दूरध्वनीवरच्या धांदलीने होत असे. त्या काही तासांत मला १९४९ च्या तारांची आठवण झाली. मोडलेला तो रोग समूळ गेलेला नाही, या चार दिवसांच्या कोपऱ्यात अजून दबा धरून आहे. पुतणी तीन रात्री झोपली नाही. परदेशी पदवीधराला प्रवेशपत्राची सोय करून घेणारी रिकामी जागा तिला मिळाली नाही.

त्या पत्राविषयीही सांगणे जरूर आहे. तसे पत्र पाठविण्यास बंदी नाही. तुम्ही आम्हाला कितव्या क्रमांकावर लिहिणार, हे विचारण्यास मात्र बंदी आहे. पत्राला बंधन कोणतेच नाही. बंधन यादीला. 'फार वरचे' म्हणजे किती वरचे, याचा अर्थ ज्याच्या जागा दहा आहेत तो एक करतो आणि ज्याचे मन गुंतले आहे तो दुसरा करतो. रुग्णालयाने खोटे सांगितले असे मी म्हणत नाही. आम्ही जे वाचले ते त्यात लिहिलेले नव्हते.

आता काही आकडे. २०२५ च्या जुळणीत ५२,४९८ उमेदवारांनी नावे नोंदविली आणि जागा ४३,२३७ होत्या. अमेरिकेतील महाविद्यालयांतून त्या वर्षी पदवी घेणाऱ्या एम.डी. विद्यार्थ्यांपैकी शेकडा ९३.५ जुळले. अमेरिकेचे नागरिक, पण पदवी परदेशातील, अशांपैकी शेकडा ६७.८. आणि नागरिकही नव्हेत व पदवीही बाहेरची, म्हणजे आपली मुले ज्या वर्गात मोडतात तो वर्ग, शेकडा ५८. अर्ध्याहून अधिक, म्हणून कोणी समाधान मानील. पण हा शेकडा ज्यांनी पसंतीची यादी दिली त्यांच्यातला आहे. ज्यांना एकाही मुलाखतीचे बोलावणे आले नाही ते यादी कशाची देणार? ते या हिशेबात आलेच नाहीत. शिकवण्या व सल्ला देणारे काही लोक हाच आकडा फलकावर लिहितात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

मग अनिश्चितता कोठे आहे? यंत्रात नाही. उमेदवार आणि जागा यांचा निव्वळ साधा हिशेब घेतला, तर एक विलक्षण सिद्धांत निघतो. कोणतीही स्थिर जुळणी करा, न जुळणारे उमेदवार तेच राहतात. आणि ज्या आडगावच्या रुग्णालयाच्या जागा एका जुळणीत रिकाम्या राहतात त्याला दुसऱ्या कोणत्याही स्थिर जुळणीत तेच आणि तितकेच डॉक्टर मिळतात. रॉथ यांनी १९८६ साली हे सिद्ध केले. नवराबायको दोघेही उमेदवार असून त्यांना एकाच गावी जागा हवी असेल, तर हिशेब बिघडतो, कधी स्थिर जुळणी अस्तित्वातच नसते. ते प्रकरण मी सोडून देतो. सांगावयाचे ते हे की, नावे फिरविण्याची रीत बदलून ना आडगावाला डॉक्टर मिळतो ना उरलेल्या मुलाला जागा. जागा किती, हे पैशावर ठरते. अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९९७ च्या कायद्याने वृद्धांच्या विमायोजनेतून पोसल्या जाणाऱ्या निवासी जागांच्या संख्येवर १९९६ च्या पातळीची मर्यादा घातली. पुढे बऱ्याच वर्षांनी, २०२०च्या अखेरीस, हजार जागांची भर घालण्याचे ठरले. मुलाखतीस कोणाला बोलवावे हे माणसे ठरवितात. २०२२ पासून पहिल्या परवाना परीक्षेचे गुण देणे बंद होऊन फक्त उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच कळू लागले. विद्यार्थ्यांवरचा ताण कमी व्हावा हा हेतू चांगला होता. पण ज्याच्या महाविद्यालयाचे नाव तेथे कोणी ऐकलेले नाही अशा मुलाच्या हातातील एक मोठा आकडा त्याने गेला, असे मला वाटते.

आणि जुळल्यानंतरही प्रवेशपत्राचा प्रश्न उरतोच. काम १ जुलैच्या सुमारास सुरू होते. मे २०२५ च्या अखेरीस अमेरिकेच्या वकिलातींनी विद्यार्थी व देवघेव प्रवेशपत्रांच्या नव्या मुलाखती देणे काही आठवडे थांबविले, तेव्हा जुळलेल्या परदेशी डॉक्टरांचा जीव टांगणीला लागला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बी प्रवेशपत्राच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर लावण्याची घोषणा निघाली. दुसऱ्या, जे-वन, प्रकारात शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. ती टाळावयाची तर डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात तीन वर्षे काम करावे लागते, आणि १९९४ साली सुरू झालेल्या त्या योजनेत प्रत्येक राज्याला वर्षाकाठी तीसच सवलती आहेत.

पुतणीने एक वर्ष येथल्या रुग्णालयात काम केले आणि पुन्हा अर्ज केले. या वेळी बोलावणी पाचच आली. पाचही नावे तिने लिहिली, मनातील खऱ्या क्रमाने. मला विचारले नाही. २० मार्च २०२० च्या शुक्रवारी कळले की ती पाचव्या क्रमांकावर जुळली आहे. त्याच आठवड्यात वकिलातींची दारे बंद झाली होती आणि दोन दिवसांनी आपल्याकडील आंतरराष्ट्रीय विमाने थांबली. जुळलेली मुलगी घरात आणि तिची वाट पाहणारे रुग्णालय साथीने भरलेले, असे तीन महिने गेले. डॉक्टरांसाठी वकिलातीने खास मुलाखती सुरू केल्या त्यात तिचा क्रमांक लागला, आणि जुलै बराच उलटल्यावर ती मुंबईहून निघाली. जाताना तोच कोट तिच्या हातावर होता.

तिसऱ्या वर्षी तिच्या रुग्णालयाने तिला नव्या उमेदवारांच्या मुलाखती घेण्याच्या कामावर बसविले. रुग्णालयालाही भय असते, असे तिने मला कळविले: आपण वर लिहिलेली मुले आपल्याला खाली लिहितील आणि सोमवारी आपले नाव रिकाम्या जागांच्या यादीत झळकेल. म्हणून तेही गोड पत्रे पाठवितात. त्या वर्षी पाठवावयाच्या पत्राचा मसुदा तिच्यापुढे सहीसाठी आला, तेव्हा 'आमच्या यादीत आपले स्थान फार वरचे राहील' हे वाक्य तिने खोडले आणि मसुदा परत पाठविला.